एक नग फोटो, डोळे मिटलेले

अण्णांच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा समोरच्या भिंतीवर एकच बाई अकरा वेळा झोपलेली दिसली. एकदा दारात उभी राहून, एकदा विहिरीवर कळशी धरून, एकदा समुद्राकाठी, एकदा चक्क माडाला टेकून. लुगडं वेगळं, जागा वेगळी, डोळे तेवढे सगळीकडे मिटलेले. बाई वारल्या असाव्यात असं वाटून मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "फार वाईट झालं." तेवढ्यात त्याच बाई चहाचा कप घेऊन आतून आल्या आणि टक्क माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय वाईट झालं?" त्यांनी विचारलं.

"फोटो," अण्णा मान हलवत म्हणाले. "फोटो वाईट झाले म्हनतायत ते. खरं हाय. पोराला नजर हाय."

माझी बोईसर स्टेशनवर पार्सल क्लार्क म्हणून नुकतीच नेमणूक झाली होती. मी घाटावरचा, मासे न खाणारा, नियमाला धरून चालणारा. अण्णा हेड पार्सल क्लार्क. आमच्याकडून रोज सकाळी मासळीच्या टोपल्या मुंबईला जायच्या. त्या वजन करून, पावती फाडून, गाडीत चढवायच्या हे आमचं काम. पहिले पंधरा दिवस मी नाकाला रुमाल बांधून काम केलं. कोळणींनी मला 'मुंजा' असं नाव ठेवलं होतं. मला अण्णा मुळीच आवडले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. हेड क्लार्कनं ड्यूटीवर गळ्यात कॅमेरा अडकवून यावं, हे माझ्या कुठल्याही नियमात बसत नव्हतं.

अण्णा नवापूरचे. बापजादे सगळे दर्यावर. अण्णांना मात्र होडी हलली की उलटी व्हायची. ते स्वतःच सांगायचे, "आमच्या घरात जो बोटीवर ओकला तो एकटाच मॅट्रिक झाला." आयुष्यभर पावत्या फाडल्यामुळे त्यांची बोलण्याची रीतही पावतीची झाली होती. भाच्याला मुलगा झाला तेव्हा त्यांनी स्टेशनात पेढे वाटत सांगितलं, "नग एक, वजन सात रत्तल, मालाची स्थिती ठाकठीक."

आता त्या भिंतीबद्दल. अण्णांच्या लग्नात पालघरहून एक फोटोग्राफर आणला होता. त्यानं फोटोच्या वेळी दारूची पूड पेटवली. भपकन उजेड झाला, धूर झाला, आणि फोटोत नवरदेव ताठ, नवरी मात्र डोळे गच्च मिटलेली. झालं. नवापूरच्या लोकांना चघळायला विषय मिळाला. "हिनं तुला बगितलाच नाय, म्हनून हो म्हनाली," असं मेव्हणे म्हणायचे. थट्टा दोन दिवसांची असते, पण अण्णांच्या ती जिव्हारी लागली. बायकोचा डोळे उघडे असलेला एक फोटो काढायचा आणि तो लग्नाच्या फोटोशेजारी टांगायचा, एवढं त्यांनी मनाशी घेतलं. त्यासाठी माणूस सगळ्या तालुक्यातले कॅमेरे पालथे घालील असं कुणाला वाटलं होतं?

पहिला कॅमेरा डब्याचा. खरोखरच काळा चौकोनी डबा, पुढे एक काच, बाजूला एक खटका. चिकूची वाडी असलेल्या एका पारशी गृहस्थांकडून अण्णांनी तो मिळवला तो एक पोतं सुक्या बोंबलांच्या बदल्यात. अण्णांचे सगळे कॅमेरे मासळीच्याच मार्गानं आले. डब्याच्या कॅमेऱ्यानं अण्णांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, पहिले दहा फोटो काढले. दहाही वेळा डोळे मिटलेले. अण्णांनी निदान केलं, "शटर मंद हाय. खटका दाबल्यापासून उगडंपर्यंत बाई एक झोप काढून उठंल."

म्हणून मग दुसरा, भात्याचा. तो मनोरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून दोन भल्यामोठ्या जिताड्यांच्या बदल्यात आला. या कॅमेऱ्यात समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते काट्यावर लावावं लागे. अण्णांना फूट मान्य नव्हते. ते अंतर टोपल्यांत मोजायचे. मासळीची टोपली दीड फुटाची, तेव्हा कॅमेऱ्यापासून माणसापर्यंत टोपल्या ओळीनं मांडायच्या, मोजायच्या, काटा लावायचा, टोपल्या उचलायच्या, मग फोटो. हे सगळं फलाटावर, गाडी यायच्या आधी, भरल्या टोपल्यांनी.

"अन्ना, माजी पापलेटं गाडीला लावतंस का फोटोला?" कोळणी ओरडायच्या.

"गप ऱ्हा. सात हाय का आठ? मुंज्या, मोज!"

मोजायचं काम माझ्याकडे कधी आलं ते मला कळलंच नाही. कुठल्याही नियमात नसलेलं हे काम मी मनापासून करू लागलो, आणि नाकावरचा रुमालही कधीतरी गळाला.

या कॅमेऱ्याच्या बाजाच्या पेटीसारख्या घड्यांच्या भात्याला एक बारीक भोक होतं. त्यातून उजेड आत शिरे आणि प्रत्येक फोटोत डाव्या वरच्या कोपऱ्यातून एक पांढरा झोत माणसाच्या डोक्यावर उतरे. अण्णा हैराण. पण उमरोळीच्या एका शेतकऱ्याच्या म्हशीचा फोटो त्यांनी सहज काढला आणि तो झोत नेमका म्हशीच्या शिंगांवर आला. म्हैस देवाची ठरली. पुढच्या आठवड्यात उमरोळीहून माणसं म्हशी घेऊन बोईसर स्टेशनात यायला लागली. स्टेशनमास्तर चिडले, "हे पार्सल ऑफिस आहे की गोठा?" अण्णांनी शेवटी छत्रीचं काळं कापड चिकटवून भोक बुजवलं. त्यानंतर आलेल्या माणसानं फोटो हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "ह्यात देव कुटं हाय?" तो रागावून गेला तो कायमचा.

वहिनींचे तीन फोटो या कॅमेऱ्यानं काढले. तिन्हीत डोक्यावर देवाचा प्रकाश आणि खाली डोळे मिटलेले. हे फोटो बघून एक पाहुणी भिंतीला हात जोडून गेली होती.

फोटो धुण्याचं काम अण्णा घरीच करायचे, मोरीत, दाराला गोधडी लावून. औषधं ज्या परातीत घालायचे तिच्यात आदल्या दिवशी वहिनींनी कोलंबी सोललेली असे. त्यामुळे अण्णांच्या फोटोंना वास यायचा. स्टेशनमास्तरांचा एक फोटो खिडकीत वाळत ठेवला होता, तो मांजरानं चाटून चाटून मानेपर्यंत साफ केला. अण्णांनी तोही दिला. म्हणाले, "गनवेष चांगला आलाय."

त्यांचे काही दंडक होते. फोटो उन्हातच काढायचा, कारण "मासा आनि मानूस, ऊन दिल्याबिगर टिकत नाय." कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. आणि ज्याचा फोटो काढायचा त्यानं काचेत बघायचं. "काचेत बगा! माज्याकडं नको, माजं काय बगायचंय? काचेत!" हे ते इतक्या जोरात ओरडायचे की माणसं काचेकडे बघत थिजून जायची. कुणाचेही डोळे कधी मिटले नाहीत. म्हशींचेसुद्धा नाहीत. एका बायकोचेच काय ते मिटायचे. टोपल्या उचलून झाल्या की मी बाजूला उभा राहून वहिनींच्या डोळ्यांवर पहारा करायचा, अशी माझी नेमणूक होती. खटका वाजायच्या अगदी आधी वहिनींचे डोळे मिटायचे. "मिटले," मी सांगायचो. "मालाची स्थिती?" "मिटलेली." अण्णा मान खाली घालून कॅमेरा पिशवीत ठेवायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नसे. एवढा बेरकी हेड क्लार्क, पण त्या क्षणी अगदी केविलवाणा दिसायचा.

तिसरा कॅमेरा दोन डोळ्यांचा. तो पोटाशी धरून वरून खाली बघावं लागे. पालघरच्या एका स्टुडिओवाल्यानं वर्षभर दर शुक्रवारी ताजी कोलंबी घेऊन तो दिला. या कॅमेऱ्यात डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. हे अण्णांना ठाऊक होतं, पण घाईच्या वेळी ठाऊक असलेलं उपयोगी पडत नाही. स्टेशनमास्तर निवृत्त झाले तेव्हा फलाटावर सगळ्या स्टाफचा ग्रुप फोटो ठरला. मधोमध खुर्चीवर मास्तर, गळ्यात हार. अण्णांना ग्रुप जरा डावीकडे हवा होता. त्यांनी हातानं खूण केली. ग्रुप सरकला. कॅमेऱ्यात तो उलटाच गेलेला दिसला, म्हणून अण्णांनी आणखी जोरात खूण केली. ग्रुप आणखी सरकला. मास्तर दर वेळी खुर्ची उचलून घेऊन सरकायचे. अण्णा पोटाशी धरलेल्या काचेत बघत त्यांच्यामागे चालत होते आणि ओरडत होते, "अरे हिकडं, हिकडं!" फलाट संपला. उतारावरून सगळे खाली उतरले. शेवटी सिग्नलच्या खांबाजवळ, खडीत खुर्ची मांडून, तो फोटो झाला. मास्तरांनी आयुष्यभर ज्या सिग्नलच्या आत राहून नोकरी केली त्याच्या ते निवृत्तीच्या दिवशी बाहेर गेले. फोटो मात्र सुरेख आला. सगळ्यांचे डोळे उघडे, मास्तरांचे जरा जास्तच.

याच कॅमेऱ्यानं वहिनींचे पाच. सांगायला नकोच.

तोपर्यंत तारापूरला अणुवीजघराचं काम जोरात सुरू झालं होतं. स्टेशनात हिंदी ऐकू यायला लागली, मोठमोठी खोकी उतरायला लागली, आणि त्यांच्याबरोबर एक परदेशी इंजिनियर. त्याच्याकडे छोटा, झकपक, डोळ्याला लावायचा कॅमेरा होता. परत जाताना त्याला आठवण म्हणून काहीतरी कोळ्यांचं हवं होतं. अण्णांनी त्या कॅमेऱ्याच्या बदल्यात त्याला सासऱ्यांचं जुनं जाळं दिलं. ते तो घरी भिंतीवर टांगणार होता. वहिनी हे ऐकून तीन दिवस हसत होत्या. "भितीवर? भितीवर काय गावनार हाय त्याला, पाली?"

या नव्या कॅमेऱ्यात एका रिळात छत्तीस फोटो. आठ-बारावर आयुष्य काढलेले अण्णा आधी घाबरले. "छत्तीस! येवढी मानसं आनायची कुटनं?" मग त्यांना कल्पना सुचली, आणि त्यांनी छत्तीसही फोटो वहिनींचेच काढले. एका रविवारी, नवापूरच्या किनाऱ्यावर, काठ्यांवर बोंबील वाळत होते तिथं. छत्तीसात एक तरी, असा त्यांचा हिशेब. रीळ धुऊन झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि पट्टी उजेडात धरून दाखवली. छत्तीस वेळा मिटलेले डोळे. पट्टी गुंडाळत म्हणाले, "मुंज्या, मेव्हने म्हनायचे तेच खरं आसंल. तिला मला बगायचंच नसंल."

मला हसू यायला हवं होतं. पण मला त्या माणसाची फार दया आली, आणि आपण त्याच्यावर जीव लावून बसलो आहोत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच जागा. अण्णांनी नवी युक्ती काढली होती. मी वहिनींच्या शेजारी उभं राहायचं आणि ऐन वेळी त्यांना कोपरानं ढोसायचं, म्हणजे दचकून डोळे उघडे राहतील. इतकी वर्षं मी बाजूला उभा राहून वहिनींकडे बघत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी समोर होतो. अण्णांकडे बघत.

अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. श्वास कोंडला. गाल फुगले. जीभ दातांत आली. नाक वर चढलं, कपाळाच्या घड्या पडल्या, आणि खटका दाबायच्या आधी त्यांनी स्वतःचे दोन्ही डोळे असे गच्च मिटले की जणू कुणी त्यांच्या तोंडावर बादली ओतणार आहे. ते बघून माझेही डोळे आपोआप मिटले. ढोसायचं राहूनच गेलं. खटका वाजला.

"मिटले?" अण्णांनी विचारलं. कारण त्यांना दिसलंच नव्हतं. ज्या क्षणासाठी या माणसानं चार कॅमेरे आणि अर्धा समुद्र खर्च केला, तो क्षण त्यांनी स्वतः एकदाही पाहिलेला नव्हता.

"मिटले," मी म्हणालो. "आमचे दोघांचेही."

अण्णा रीळ बदलायला सावलीत गेले तेव्हा मी वहिनींना हळूच म्हणालो, "वहिनी, हे स्वतःच डोळे मिटतात! म्हणून तुमचे मिटतात. जांभई देणाऱ्याला बघून जांभई येते तसं."

"मला ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. त्या बोंबील उलटे करत होत्या.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"डब्याच्या कॅमेऱ्यापासून. लग्नात धुरानं मिटले. पुडचे समदे ह्यांच्यापायी."

"अहो, मग काचेत बघायचं! ते एवढे ओरडतात, काचेत बघ, काचेत बघ. सगळे काचेत बघतात म्हणून कुणाचे मिटत नाहीत. तुम्ही एकदा बघितलं असतं तर—"

"काचेत काय हाय बगायला?" वहिनींनी मला मधेच तोडलं. "समदी दुनिया काचेत बगते. म्हनून ह्यांचं ते तोंड कुनीच बगितलं नाय. मी येकटीच बगते. जीब बाहेर काडलेली, गाल फुगलेले. घरात कदी तसं तोंड करत नायत, तितं हेड क्लार्क असतात." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदरानं तोंड पुसलं. "फोटो चांगला आला की कॅमेरा पेटीत जाईल. मग ते तोंड मला कोन दावील?"

"पण त्यांना वाटतं, तुम्हाला त्यांच्याकडे बघायचंच नाही."

वहिनींचा हात थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं. त्या थोडा वेळ सावलीतल्या अण्णांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येडा हाय." आणि मला बजावलं, "तुमी काय बोलू नका. शपत हाय."

मी शपथ घेतली. माझी ती भलतीच पंचाईत झाली. एकीकडे दुःखी माणूस, दुसरीकडे शपथ, आणि उपाय माझ्या जिभेवर. वहिनींनी मात्र आपल्या परीनं काहीतरी केलं असावं, कारण त्यानंतर अण्णा जरा खुशीत दिसायला लागले. विचारलं तेव्हा म्हणाले, "ती म्हनाली, तुमाला बगायचंच नसतं तर येवढ्यांदा उन्हात उबी ऱ्हायली असती का? ह्यात पाइंट हाय, मुंज्या." आणि ते नव्या उत्साहानं टोपल्या मांडायला लागले.

दोनेक वर्षांनी माझी बदली घाटावर झाली. निघायच्या दिवशी अण्णा फलाटावर आले आणि माझ्या हातात डब्याचा कॅमेरा ठेवला. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात न देणारा माणूस! "ह्यो तुमाला. आत रीळ हाय, येक फोटो बाकी हाय. पयला फोटो काय काडला तो मला धाडायचा." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, आणि मलाही दुसरीकडे बघावं लागलं.

गाडी आली. मी गाडीच्या दारात उभा राहिलो. अण्णांना लगेच सुचलं की निरोपाचा फोटो काढावा. वहिनींना माझ्या पुढ्यात, खाली फलाटावर, स्वतःकडे तोंड करून उभं केलं. कोळणींनी न सांगता टोपल्या मांडल्या. नऊ भरल्या. उचलल्या. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"काचेत बग!" अण्णा ओरडले.

वहिनी काचेत बघत नव्हत्या, हे मला त्यांच्या पाठीमागूनही कळत होतं. त्यांच्या खांद्यावरून मी तो काळा डबा अण्णांवर धरला. अण्णांचे गाल फुगले. जीभ बाहेर आली. मी बोटांनी स्वतःची पापणी वर ओढून धरली आणि खटका दाबला. दोन्ही खटके एकदमच वाजले. गाडी हलली.

माझा फोटो धुऊन आला तेव्हा मी घामाघूम झालो. मधोमध अण्णा. फुगलेले गाल, दातांत जीभ, गच्च मिटलेले डोळे. कडेला वहिनींच्या अंबाड्याचा एक कोपरा. पहिला फोटो पाठवायचं वचन अण्णांना दिलेलं, न बोलण्याची शपथ वहिनींना दिलेली. हा फोटो बघितला की अण्णांना सगळं कळणार, आणि कळलं की त्यांचं ते तोंड वहिनींना पुन्हा दिसणार नाही. पंधरा दिवस फोटो पाकिटात पडून राहिला. शेवटी मी तो वहिनींच्या नावे पाठवला, बोलायचं नाही एवढीच शपथ होती अशी स्वतःची समजूत घालून. त्यांना वाचता येत नव्हतं, पाकीट अण्णाच फोडणार हे मला माहीत होतं. रोज टपालवाल्याची सायकल दिसली की मी उठून दारात जायचो.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. अण्णांचं वळणदार, पावतीवरचं अक्षर.

'स. न. वि. वि. आपण सौ.चे नावे पाठविलेला फोटो, नग एक, पोचला. कोपरे शाबूत. माल तपासला असता डोळे मिटलेले आढळले. वाईट वाटून घेऊ नये. त्या डब्याचे शटर मुळात मंद आहे, हे मी देतेवेळीच सांगावयास हवे होते. माझे दुःख आता आपणांस कळले असेल. तुमच्या निरोपाच्या फोटोतही सौ.चे डोळे मिटलेलेच आले. नवीन कॅमेरा बघतो आहे. ता. क. आपण काढलेला फोटो सौ. भिंतीवर लावू देत नाही. तिने तो स्वतःच्या ट्रंकेत, लग्नाच्या लुगड्याच्या घडीत ठेवला आहे. दिवसातून दोनदा काढून बघते व हसते. कारण विचारल्यास सांगत नाही. आपणांस ठाऊक असल्यास कळवावे.'

मी ते आजतागायत कळवलेलं नाही.